आत: बाकी काही नाही

१

घरात शिरलं की मी आधी वास घेते. मग दिवे लावून बघते, मग नळ, मग खिडक्यांच्या कड्या. गळ्यात छोटा रेकॉर्डर असतो, तो दाराबाहेरच चालू करायचा आणि गाडीत बसल्यावर बंद करायचा. मधे जे दिसेल ते बोलत जायचं. भिंत, पांढरी, खिळ्याची भोकं दोन. गालिचा, राखाडी, खिडकीखाली चहाचा डाग, बशीएवढा. भाडेकरू येताना एक यादी, जाताना दुसरी. दोन्ही शेजारी ठेवल्या की काय बिघडलं ते कळतं, आणि मग घरमालक आणि भाडेकरू एकमेकांच्या झिंज्या उपटायला मोकळे. त्यात मी पडत नाही. आमच्या धंद्याचा नियम एकच. काय ते लिहायचं, का ते लिहायचं नाही.

हॅलिफॅक्समध्ये एकोणीस वर्षं मी हे करते आहे. लोक म्हणतात, ग्लेंडा हॅन्सन तोंडाची फटकळ आहे. आहे मी. रिकाम्या घरांत फिरून माणसांबद्दल जे कळतं ते कळल्यावर तुम्हीही व्हाल. फक्त शनिवारी माझी नात आयला येते, चार वर्षांची, तेव्हा मी गोड असते. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या कोठीत शिरून दुकान-दुकान खेळते आणि मी गिऱ्हाईक होते.

त्या सोमवारी क्रॉफ्ट टेरेसवर एकोणीस नंबरला जातानाची यादी होती. दगडी चाळीतलं अरुंद, उभट घर. भाडेकरणीचं नाव जोडी बूथ, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, आणि तिची सहा वर्षांची मुलगी मेसी. दोन वर्षं राहून आईच्या जवळ ब्रिगहाउसला निघाली होती. जोडीनं घर असं घासलं होतं की ओव्हनमध्ये तोंड दिसावं. मला बरं वाटलं. अर्ध्या तासात आटपेल म्हणून मी वर गेले.

जिना चढून वर गेलं की समोर एक कपाट आहे. कपाट म्हणजे खोलीच म्हणा, जिन्याच्या डोक्यावरची रिकामी जागा दार लावून बंद केलेली. वाकून उभं राहता येतं, मागे छत उतरत जातं. त्याचं दार एरवी कुलपात असायचं. त्या दिवशी ते सताड उघडं होतं.

दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे होते. माझ्या कमरेपासून खाली, पार तळाच्या पट्टीपर्यंत. पांढऱ्या रंगात उभे, चार-चारच्या जुडीनं. मी बॅटरी आत मारली. आणि जे खटकलं ते ओरखडे नव्हेत. धूळ नव्हती. वर्षानुवर्षं बंद कपाट, आणि फळ्या अशा की आत्ता कुणी हात फिरवून गेलंय.

मी रेकॉर्डरवर तसंच बोलले. दार, आतली बाजू, ओरखडे. जमीन, धूळ नाही.

२

जोडी खाली रिकाम्या स्वयंपाकघरात खोक्यावर बसली होती. डोळे सुजलेले.

"पाहिलंत ना, बाई?" ती म्हणाली.

"पाहिलं. काय ते मला सांगू नकोस. मी फक्त लिहिते."

"तुम्ही लिहाल आणि ते माझी पोर घेऊन जातील."

मग नको म्हणत असतानाही तिनं सांगितलं. घरमालक ऑर्मरॉड शनिवारी आला होता. स्वतःच्या चावीनं कपाट उघडलं, फोटो काढले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, तू मुलीला यात कोंडत होतीस. त्यानं काउन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, कळवलं. मुलांच्या खात्यातली बाई गुरुवारी यायची होती. शाळेनं जोडीला तोवर घरी बसायला सांगितलं होतं.

"बाई, त्याची चावी आम्हाला कधी दिलीच नाही. मी ते दार उघडं पाहिलं तेच परवा. मेसी बाहेरून फटीतून बिस्किटं सरकवायची आत. कस्टर्ड क्रीम. मी म्हटलं, उंदीर होतील गं. ती म्हणायची, त्याला भूक लागत नाही, नुसतं द्यायचं असतं. पोरं बोलतात तसं." ती नाक पुसत होती. "आणि सगळ्यात कहर काय, जाताना तो म्हणाला, अजून एक वर्ष राहा. राहिलीस तर चूक झाली म्हणून मी काउन्सिलला फोन करतो."

"राहा म्हणाला?"

"हो. मुलीला घेऊन राहा. असंच म्हणाला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण हातात दोन वर्षांपूर्वीची येतानाची यादी होती. खाली माझी सही. कपाटाच्या नोंदीपुढे छापलेलं: दार आतून पांढरं, चांगल्या स्थितीत. ओरखडे नाहीत. आत: बाकी काही नाही.

येताना ओरखडे नव्हते आणि जाताना आहेत, याचा अर्थ कुणीही एकच लावणार. आणि ते दार मी आयुष्यात कधी उघडलं नव्हतं.

३

कसं होतं ते सांगते, कारण हे पाप आमच्या धंद्यातच होतं. दिवसाला सहा घरं. पूर्वी पाहिलेलं घर असेल तर जुनी यादी फोनवर उघडायची, तारीख बदलायची आणि तीच वाचत खोल्यांतून फिरायचं. बदल दिसला तर दुरुस्त करायचं, नाहीतर जुनं वाक्य तसंच. ‘पाहता आलं नाही’ असं लिहिलं की घर भाड्यानं लावणारी एजन्सी यादी परत पाठवते, पुन्हा खेप. म्हणून कुणी लिहीत नाही.

त्या घरात मी चार वेळा येतानाची यादी केली होती. पहिल्या वेळी कपाटाला अजून कुलूप नव्हतं. मी मूठ फिरवली. फिरली. दार बोटभर आलं आणि हळूच परत गेलं. दमटपणानं लाकूड फुगलंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि माझ्या आधीच्या माणसाचं वाक्य उचललं. फुगलेलं दार अडकतं. ते अलगद मागे जात नाही. हे मला तेव्हाही कळत होतं, पण पुढच्या घराला उशीर होत होता.

पुढे तीनदा कुलूप होतं, तेव्हा बाहेर उभं राहून, बंद दाराकडे बघत, तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. ओरखडे नाहीत. बाकी काही नाही.

सोमवारी दुपारी घरी येऊन चहा केला आणि तो तसाच गार होऊ दिला. मी स्वतःला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

४

मंगळवारी एजन्सीत गेले. तिथला डॅरेन तीस वर्षांचा, केसांना तेलासारखं काहीतरी लावतो आणि गिऱ्हाइकांना ‘कुटुंब’ म्हणतो.

"ग्लेंडा, यादी आली नाही तुमची."

"येतानाची यादी खोटी आहे. मी कपाट उघडलंच नव्हतं. तसं पत्र लिहून देते."

त्यानं आधी उठून दार लावलं. "असं बोलू नका. एक यादी खोटी म्हटलं की तुमच्या एकोणीस वर्षांच्या सगळ्या याद्या खोट्या. आमच्या अंगावर किती जण येतील, कळतंय का? तुम्हाला या गावात कुणी कुलूपसुद्धा उघडायला बोलावणार नाही."

"जोडीची पोर जाईल, डॅरेन."

"पोर कशाला जाईल? चौकशी होईल, दोन-चार महिने. तुम्ही फक्त काल काय दिसलं ते लिहा. ओरखडे दिसले ना? मग ओरखडे लिहा. खरंच आहे की ते."

खरंच आहे की ते. मला वाटलं ते टेबल उचलून त्याच्या डोक्यात घालावं. कारण गाढव बरोबर बोलत होता. माझाच नियम मला वाचून दाखवत होता.

"बरं, सोमवारी तिथे नवीन कुटुंब येतंय," तो संगणकाकडे बघत म्हणाला. "तेव्हा बुधवारी संध्याकाळपर्यंत यादी हवी. ऑर्मरॉड त्याआधी थोडं रंगकाम करून घेतायत."

"नवीन कुटुंबात कोण आहे?"

"नवरा-बायको आणि दोन वर्षांचं बाळ. ऑर्मरॉड नेहमी मुलंबाळंवाल्यांनाच देतात घर. भला माणूस आहे. बाकीचे मालक मुलं म्हटलं की नाक मुरडतात."

मी जागची उठले. रंग लावला की ओरखडे गेले, आणि उरणार ते फक्त त्याचे फोटो आणि माझी सही.

५

बुधवारी दुपारी दोन वाजता मी रेकॉर्डर चालू करून क्रॉफ्ट टेरेसचं दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. घर रिकामं, माझ्याच बुटांचा आवाज माझ्या मागून जिना चढत होता. वर ऑर्मरॉड उभा. सत्तरीचा, बारीक, टाय लावलेला, चकचकीत बूट. पायाशी पांढऱ्या रंगाचा डबा, अजून न उघडलेला.

"मिसेस हॅन्सन, पाहणी झाली ना तुमची?"

"राहिलीय थोडी. डब्याला हात लावू नका."

दार बाहेरच्या बाजूला उघडतं, त्यामुळे आतली बाजू उजेडात होती. मी गुडघ्यावर बसले आणि त्यानं एजन्सीला पाठवलेला शनिवारचा फोटो फोनवर लावून ओरखडे मोजले. फोटोत पाच जुड्या होत्या. दारावर सात. जोडी आणि मेसी शनिवारी रात्रीपासून ब्रिगहाउसला होत्या, सोमवारी जोडी एकटी आली होती. मी मोठ्यानं बोलले. जुड्या सात. दोन नव्या.

"तुम्हीच ओढले असाल," तो शांतपणे म्हणाला. "कोण सांगावं."

असं कुणीही म्हणेल. मग मी एका ओरखड्याच्या कडेला नख घातलं. रंगाचा पापुद्रा सुटला. खाली जुना, पिवळट पांढरा थर, आणि त्या थरात ओरखडे. तो खरवडला, त्याखाली फिकट हिरवा. त्यातही. त्याखाली लाकूड, आणि लाकडात ते इतके खोल की बोट बसावं. मी प्रत्येक थराचे पट्टी लावून फोटो काढले. जे रंगाच्या खाली आहे ते रंगाच्या आधीचं, हे काउन्सिलच्या बाईलाच काय, कुणालाही समजतं. जोडी सुटली होती. मला वाटलं तिथेच बसून रडावं.

"हे तुम्हीच रंगवत आलात," मी म्हटलं. "दर वेळी. माझ्या यादीच्या आधी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आल्यापासून तो जिन्याच्या कठड्याला टेकून आहे, दारापासून दोन हात लांब. त्याचे फोटोही सगळे तिथूनच काढलेले.

"आत या ना. एकदा आत उभे राहून दाखवा."

"मला गुडघ्याचा त्रास आहे."

"मग मी जाते."

"मिसेस हॅन्सन," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज घरमालकाचा राहिला नाही. "घरात लहान मूल असलं की गप्प असतं हो. दोन वर्षं एक आवाज नाही. पोर निघायची म्हटलं की ओरखडे, आणि गेली की त्याच रात्री सुरू. शेजारच्यांच्या तक्रारी येतात. मी कुणाला काही केलेलं नाही. कुठल्याच मुलाला आजवर काही झालेलं नाही."

"काय सुरू?"



मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, राग आला. दर वेळी दुसऱ्याचं पोर त्या दाराबाहेर नेऊन ठेवायचं, आणि आई निघाली की तिच्याच गळ्यात फास अडकवायचा, कशासाठी, तर शेजाऱ्यांची झोपमोड नको. मी बॅटरी आणि मोजपट्टी घेऊन वाकून आत शिरले.

मागे, छत उतरतं तिथे, कस्टर्ड क्रीम होती. अकरा. भिंतीशी एकावर एक नीट रचलेली. एकही कुरतडलेलं नाही. मुंगी नाही. मेसी आत असती तर उरली असती का? मी ते बोलले, रेकॉर्डरसाठी. बिस्किटं अकरा.

मग खोली मोजायला पत्र्याची पट्टी कोपऱ्यात सरकवली. दोन फूट, तीन फूट, चार. ती अंधारात टेकली. मी आकडा वाचला आणि पट्टी परत ओढली. आली नाही. अडकली म्हणावं तर तशीही नव्हती. ताणली की सुटायची, सोडली की ताणली जायची. आयला माझ्या हातरुमालाचं टोक धरून असंच खेळते.

मी बॅटरी वळवली.

जे दिसलं ते लिहायचं, म्हणून इथे लिहिते. पट्टीच्या टोकावर हात होता. लहान. बोटं चार दिसली. त्यांना नखं नव्हती, घासून घासून गेलेली. एवढंच दिसलं, आणि मग पट्टी सळसळत माझ्या मुठीत परत आली.

मी तशीच ओणवी राहिले. किती वेळ, ते रेकॉर्डरला माहीत. मग मी बोलले, नीट, कामाच्या आवाजात.

"आत: बिस्किटं अकरा. बाकी काही नाही."

बाहेर आल्यावर ऑर्मरॉडनं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "सोमवारी ते बाळ इथे आलं तर तुमचं आत्ताचं बोलणं सगळ्या हॅलिफॅक्सला ऐकवीन. हे गळ्यातलं चालू आहे."

६

हात लिहिला असता तर काय झालं असतं, सांगा ना. काउन्सिलच्या बाईनं सगळी यादी बाजूला ठेवली असती. म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणाली असती. थर, फोटो, माझी कबुली, सगळं त्या एका ओळीपायी वाहून गेलं असतं, आणि त्यासोबत मेसी. मी विचार करूनच गाळलं. अजूनही मला तेच बरोबर वाटतं. पण गाळलं ते गाळलं.

घरी येऊन यादी टंकली. वर पत्र जोडलं: हे कपाट मी चार वेळा न उघडता लिहिलं. सही केली. डॅरेनला पाठवली, जोडीला पाठवली, काउन्सिलला पाठवली. डॅरेनचं उत्तर सात मिनिटांत आलं. एकोणीस वर्षं सात मिनिटांत संपली. संपू देत.

गुरुवारी दुपारी जोडीचा फोन. बोलायच्या आधीच रडत होती, म्हणून मी घाबरले. "बाई, बंद केलं त्यांनी. फाइल बंद. शाळेनंही सोमवारपासून ये म्हटलंय." मागे मेसीची कुणाशी तरी वादावादी चालली होती. नवीन कुटुंबाला डॅरेननं दुसरं घर दिलं, तेही कळलं. ऑर्मरॉड कुणाचाही फोन घेत नाही.

एवढ्यावर मला झोप लागायला हवी होती. पण आमच्यात यादी गेल्यावर रेकॉर्डिंग एकदा पडताळायचं असतं. सवय. शुक्रवारी सकाळी अंडं उकडत ठेवलं आणि बुधवारचं लावलं. माझे बूट. ऑर्मरॉड. रंगाची खरवड. मग कपाटातला बंदिस्त आवाज. बिस्किटं अकरा. पट्टीची सळसळ. खूप वेळ काही नाही. मग मी: "बाकी काही नाही."

आणि लगेच, माझ्या गळ्याशी, बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "आहे."

मी परत लावलं. पुन्हा लावलं. अंडं फुटून पाणी उतू गेलं.

मग जुनी रेकॉर्डिंग शोधली. सहा वर्षांची जपून ठेवायची असतात, त्यामुळे चारांतली तीन मिळाली. ती मी कधी ऐकली नव्हती, ऐकायची गरजच काय होती, वाक्य तर जुनंच होतं. सहा वर्षांपूर्वी, बंद दारापलीकडून, अगदी हळू: "आहे." जरा लाजल्यासारखं. चार वर्षांपूर्वी मोठ्यानं. दोन वर्षांपूर्वी, जोडीच्या वेळी, मी अजून वाक्य वाचतच होते तेव्हाच ते दारावर हात मारून म्हणालं. चिडलं होतं. मी चिडते तसं, अगदी तसंच, कुणी ऐकूनच घेत नाही तेव्हा. आणि तेव्हा त्यातलं काहीच न ऐकलेली मी त्यावर म्हणाले होते, "पुढे, न्हाणीघर."

मला कसली चीड आली ते सांगता येणार नाही. ऑर्मरॉडची नाही, डॅरेनची नाही.

मी टेबलाशी बसले. बुधवारची यादी समोर घेतली, पेननं ती ओळ खोडली आणि हातानं नवीन लिहिली. ही प्रत कुणालाच जाणार नव्हती. पण लिहिली. मग रेकॉर्डर चालू केला आणि कामाच्या आवाजात वाचून दाखवली.

"आत: बिस्किटं अकरा. एक मूल."

थांबले. स्वयंपाकघरात घड्याळ वाजत होतं. दुसरं काही ऐकू आलं नाही. बंद केला, आणि सवयीनं पडताळून पाहिला.

माझा आवाज. एक मूल. मग घड्याळ. मग कोठीच्या दाराकडून, समाधानानं, "हो."

कोठी मी अजून उघडलेली नाही. लिंडझीला, माझ्या मुलीला, फोन केला आणि सांगितलं की उद्या आयलाला आणू नकोस. परवाही नको. मी सांगेपर्यंत नको.

"पण का, आई?" ती चिडून म्हणाली.

का ते मी सांगितलं नाही.